अदृश्य दुखापतीचे साक्षीदार : मागून बसलेल्या धडकेच्या भरपाई-दाव्यांचा इतिहास

चौकातील दिव्यापाशी एक मोटार उभी आहे. मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीचा वेग वेळेवर आवरला जात नाही आणि ती पुढच्या मोटारीवर आदळते. धडक हलकीच असते. बंपर किंचित चेपतो, कोणास रक्त येत नाही, उभयपक्षी नावे-पत्ते टिपून घेऊन मंडळी आपापल्या मार्गाने जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या मोटारीतील मनुष्य उठतो तो त्याची मान वळत नाही. क्ष-किरणाच्या चित्रात काही दिसत नाही. वैद्य हाताने चाचपून पाहतो, त्यालाही निश्चित असे काही सांगता येत नाही. पुढे काही महिन्यांनी मागच्या मोटारीच्या विमा कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा दाखल होतो.

इतक्या क्षुल्लक घटनेस इतिहास तो कसला, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ब्रिटन, अमेरिका व कॅनडा या देशांत असे दावे इतके वाढले की त्यांच्यासाठी कायदेमंडळांस स्वतंत्र नियम करावे लागले. या वादाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : दावा करणारा खरा की ढोंगी? प्रस्तुत लेखकाच्या मते इतिहासाच्या अभ्यासकाने हा प्रश्न जरा बाजूस ठेवून निराळा प्रश्न विचारावयास हवा. ज्या दुखापतीची शरीरावर खूणच उमटत नाही, तिच्याविषयी न्यायालयाने कोणाचा शब्द प्रमाण मानावयाचा? गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले, आणि साक्षीदार बदलला की दुखण्याचे नाव व रूपही बरेचसे बदलले, असे दिसून येते.

या कथेचा आरंभ मोटारीपासून होत नाही. तो आगगाडीपासून होतो. इंग्लंडात १८४६ साली लॉर्ड कॅम्बेलच्या पुरस्काराने झालेल्या कायद्याने, दुसऱ्याच्या चुकीमुळे मेलेल्या मनुष्याच्या कुटुंबास भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. (हाच कायदा थोड्या फरकाने १८५५ साली हिंदुस्थानात आला. मुंबई-ठाणे लोहमार्गावर पहिली उतारू गाडी धावून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.) या कायद्याचा उल्लेख सर्वत्र केला जातो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा असलेला १८५१ चा पुराव्याचा कायदा मात्र सहसा दुर्लक्षिला जातो. तोपर्यंत इंग्लंडातील वरिष्ठ न्यायालयांत दिवाणी दाव्यातील पक्षकारास स्वतःच्या दाव्यात साक्षच देता येत नसे. ज्याचा निकालात स्वार्थ आहे तो खरे बोलणार नाही, असे त्यामागील गृहीत होते. हात तुटला असेल तर हे गृहीत फारसे आड येत नाही, कारण तुटलेला हात कोणासही दिसतो. परंतु निद्रानाश, पाठीतील कळ, अक्षरे वाचताना डोळ्यांपुढे येणारी अंधारी यांविषयी स्वतः रोग्यावाचून कोण सांगणार? १८५१ नंतर वादी पिंजऱ्यात उभा राहून आपले दुखणे ज्यूरीस सांगू लागला. अदृश्य दुखापतीस न्यायालयात पहिल्यांदा तोंड फुटले ते येथे.

सांगण्यासारखे पुष्कळ होते. त्या काळी पुष्कळ लोहमार्गांवर एका गाडीमागून ठराविक मिनिटांचे अंतर ठेवून दुसरी गाडी सोडली जाई. पुढची गाडी वाटेत थांबली असेल तर मागच्या चालकास ते कळण्याची खात्रीलायक व्यवस्था नसे. २५ ऑगस्ट १८६१ रोजी क्लेटन बोगद्यात अशाच प्रकारे मागची गाडी पुढच्या गाडीवर आदळली व २३ माणसे दगावली. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा नियम उतारूंच्या गाड्यांसाठी कायद्याने सक्तीचा होण्यास १८८९ साल उजाडावे लागले. मोठे अपघात वृत्तपत्रांत गाजत. पण उभ्या गाडीस मागून बसलेले हलके धक्के हेच भरपाईच्या दाव्यांचे नित्याचे खाद्य होते. रेल्वे कंपन्या श्रीमंत, ज्यूरीतील मंडळी स्वतः उतारू. तेव्हा सहानुभूतीचे पारडे कोणीकडे झुकत असेल हे सांगावयास नको.

१८६६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातील शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांची सहा व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि या दाव्यांना दुसरा साक्षीदार लाभला. वरकरणी सुखरूप बाहेर पडलेला उतारू काही दिवसांनी वा आठवड्यांनी खंगत जातो, त्याची स्मरणशक्ती व उत्साह ओसरतो, पाठ ताठते, याचे कारण मज्जारज्जूस बसलेला हादरा व त्यानंतर तेथे हळूहळू वाढणारा दाह होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. लोकांनी या विकारास ‘रेल्वे स्पाइन’ म्हणजे ‘रेल्वेचा कणा’ असे नाव दिले. एरिक्सन यांचा युक्तिवाद मुख्यतः दृष्टान्तांवर उभा होता. लोहचुंबकावर हातोड्याचा जोराचा घाव घातला तर त्याच्या आकारात फरक न पडता त्याची आकर्षणशक्ती नाहीशी होते, तसेच मज्जारज्जूचे होत असावे. दुसरा दृष्टान्त घड्याळाचा : खाली पडलेल्या घड्याळाची काच फुटली तर आतली यंत्रे बहुधा शाबूत राहतात, काच न फुटता वाचली तर धक्का आत जातो व घड्याळ बंद पडते. या दृष्टान्ताचा न्यायालयीन उपयोग किती मोठा होता हे लक्षात घ्यावे. शरीरावर जखम नसणे हा वादीच्या विरुद्ध जाणारा पुरावा. एरिक्सन यांच्या घड्याळाने तोच त्याच्या बाजूचा करून टाकला. खूण नाही, म्हणूनच आघात खोल!

कंपन्यांनाही साक्षीदार शोधणे भाग होते. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे शल्यचिकित्सक हर्बर्ट पेज यांनी १८८३ मध्ये मोठा ग्रंथ लिहून, कण्यास इजा न होताही ही सर्व लक्षणे उद्भवू शकतात व त्यांचे मूळ भयात आहे, असे मांडले. भरपाईची वाट पाहण्यात रोग्याचे लक्ष दुखण्यावर खिळून राहते आणि दावा मिटला की सुधारणा होऊ लागते, हेही त्यांनी नमूद केले. पेज हे कंपनीचे नोकर, म्हणून त्यांचे म्हणणे विकत घेतलेले, असे म्हणून मोकळे होता येत नाही. मनाच्या धक्क्याने शरीर आजारी पडते हा विचार पुढे मानसचिकित्सेत रुजला, त्याची एक मुळी या रेल्वेच्या दप्तरात आहे. मात्र भय हे कारण मानले की भरपाईचा आकडा खाली येतो, हा योगायोग त्यांच्या मालकांस नकोसा झाला असेल असेही नाही.

दोन्ही बाजूंनी नामांकित डॉक्टर उभे राहून परस्परविरुद्ध शपथा घेऊ लागले, याचा उबग न्यायाधीशांस व कायदेकारांस लवकरच आला होता. १८६८ च्या रेल्वेविषयक कायद्याच्या २६ व्या कलमान्वये, जखमी दावेदाराची तपासणी दोहोंपैकी कोणत्याही पक्षाचा साक्षीदार नसलेल्या वैद्याकडून करविण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे. तटस्थ वैद्याचा हा शोध पुढे पुन्हा एकदा लागावयाचा आहे.

या काळातील एक उदाहरण दाव्यांच्या कागदपत्रांबाहेरचे आहे. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे गाडी पुलावरून घसरून दहा जण मेले. त्या गाडीत कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. त्यांना दुखापत झाली नाही. खाली उतरून त्यांनी जखमींची शुश्रूषा केली. परंतु त्यानंतर आगगाडीच्या प्रवासात त्यांना अकारण धडकी भरे, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. मागावयाची भरपाई नसतानाही एका धडधाकट मनुष्यास असे होऊ शकले, ही गोष्ट सर्व लक्षणांचे मूळ द्रव्यलोभात शोधणाऱ्यांनी विसरू नये.

जर्मनीतील घडामोडी येथे थोडक्यात सांगतो. तेथे १८७१ च्या दायित्वविषयक व १८८४ च्या अपघात-विमाविषयक कायद्यांनंतर हा प्रश्न शासकीय विमा कचेरीकडे गेला. हेर्मान ओपनहाइम यांनी १८८९ मध्ये ‘आघातजन्य मज्जाविकृती’ हे निदान मांडले, आणि त्याच साली त्या विमा कचेरीने असे विकार भरपाईस पात्र ठरविले. विरोधकांनी त्यास ‘पेन्शनचा आजार’ म्हणून हिणविले. अखेर १९२६ साली त्याच कचेरीने आपला निर्णय फिरविला. रोगी तेच, लक्षणे तीच. अधिकृत उत्तर मात्र सदतीस वर्षांत उलटे झाले.

आता मोटारीकडे वळू. १९२८ साली सॅन फ्रान्सिस्को येथील अस्थिशल्यचिकित्सकांच्या परिषदेत लॉस एंजलीसचे डॉ. हॅरल्ड क्रो यांनी मानेच्या दुखापतीच्या आठ रोग्यांची हकीकत सांगितली. मागून धडक बसताच धड आसनाबरोबर पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर जागच्या जागी राहते, मान मागे ताणली जाते व मग झटक्याने पुढे येते; चाबूक फटकारल्यावर त्याचे टोक हलते तशी ही हालचाल. म्हणून त्यांनी ‘व्हिपलॅश’ म्हणजे चाबकाचा फटकारा हा शब्द वापरला. पुढे १९६४ मध्ये क्रो यांनी स्वतःच खेदपूर्वक सांगितले, की हा शब्द हालचालीचे वर्णन करण्यासाठी होता. डॉक्टर, रोगी व वकील यांनी तो रोगाचे नाव म्हणून स्वीकारला. शब्दाच्या इतिहासात असे अपघात घडतातच, पण या अपघाताची किंमत विमा कंपन्यांस व रोग्यांस दोघांसही मोजावी लागली. ‘मान लचकली’ म्हटल्यावर मनुष्य चार दिवस शेक घेतो. मानेवर चाबूक ओढला गेला असे डॉक्टरने लिहून दिल्यावर तो चार दिवसांत बरा होण्याची अपेक्षा कशी करील?

१९५३ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात गे व ॲबट यांनी या दुखापतीवर लेख लिहिला आणि त्यानंतर तो शब्द न्यायालयांत रूढ झाला. निकाल अनुकूल झाला तरच भरपाईतील हिस्सा वकिलाने घ्यावयाचा, ही अमेरिकेतील पद्धत अशा लहान दाव्यांस पोषक होती, हे खरे. पण त्याच सुमारास अभियंत्यांनीही या प्रकरणात साक्ष दिली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील सेव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रत्यक्ष मोटारी एकमेकींवर आदळवून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मागून धडक बसलेल्या मोटारीस मिळणाऱ्या प्रवेगापेक्षा आतील मनुष्याच्या डोक्यास मिळणारा प्रवेग अधिक असतो असे आढळले. बंपर शाबूत म्हणून मानही शाबूत, हा विमा कंपन्यांचा आवडता तर्क त्यामुळे डळमळीत झाला. एरिक्सन यांच्या घड्याळास जणू नव्वद वर्षांनी प्रयोगशाळेचा आधार मिळाला. १ जानेवारी १९६९ पासून अमेरिकेत नव्या मोटारींच्या पुढील आसनांस डोके टेकण्याची उशी सक्तीची झाली, ती या संशोधनपरंपरेतूनच.

या वादातील सर्वांत गाजलेला लेख न्यूकॅसलचे मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री मिलर यांचा होय. १९६१ मधील त्यांच्या व्याख्यानांत डोक्याच्या दुखापतीचे २०० रोगी व ठळक ‘अपघाती मज्जाविकृती’चे ५० रोगी यांचा विचार आहे. दुखापत जितकी किरकोळ तितकी तक्रार मोठी, आणि भरपाई हातात पडल्यानंतर यांतील बहुतेक सर्व रोगी कामावर परतले, हा त्यांचा निष्कर्ष विमा कंपन्यांच्या वकिलांनी पुढे अनेक वर्षे उद्धृत केला. मिलर यांची भाषा चटकदार आहे. ती वाचताना वाचकाचे टीकाबुद्धीवरील लक्ष ढळते. त्यांच्याकडे येणारे रोगी दाव्यासाठी तपासणीस धाडलेले असत, हे त्यांच्याच लेखावरून कळते. ज्या टोपलीत सर्व दावेदारच आहेत त्या टोपलीतून दावा न करणाऱ्यांचे काय होते हे कसे समजावे? शिवाय डोक्याची दुखापत व मानेची दुखापत एक नव्हेत.

तीनच वर्षांनी, १९६४ मध्ये, टोरांटोचे अस्थिशल्यचिकित्सक इयन मॅक्नॅब यांनी मानेच्या दुखापतीपुरता याच्या अगदी उलट पुरावा पुढे आणला. ज्यांचे दावे निकालात निघाले होते अशा २६६ रोग्यांपैकी १४५ जणांस त्यांनी निकालानंतर दोन वा अधिक वर्षांनी तपासले, तेव्हा १२१ जणांची तक्रार कायम होती. पैसे मिळाले, पण मान बरी झाली नाही. मॅक्नॅब यांचे आणखी एक निरीक्षण साधे असूनही फार मार्मिक आहे. त्याच अपघातात कित्येकांचा घोटा किंवा मनगटही मुरगळले होते. ते यथाकाल बरे झाले, मान तेवढी राहिली. द्रव्याच्या आशेने दुखणे टिकत असेल तर ती आशा मानेपुरतीच का मर्यादित राहावी? माकडांवरील प्रयोगांतही त्यांना मानेच्या स्नायूंत व मणक्यांमधील चकत्यांत क्ष-किरणांनी न दिसणाऱ्या इजा आढळल्या. मिलर व मॅक्नॅब यांचे लेख शेजारी ठेवून वाचावेत अशी विद्यार्थ्यांस सूचना आहे. एकाच दशकात, जवळजवळ एकाच प्रश्नावर, दोन प्रामाणिक निरीक्षक इतके दूर का गेले याचे उत्तर त्यांच्या मतांत शोधू नये, त्यांच्या रोग्यांच्या निवडीत शोधावे.

शतकाच्या अखेरीस साक्षीदाराचा मान संख्याशास्त्राकडे गेला. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ने लिथुएनियातील एक पाहणी छापली. त्या देशात त्या वेळी असे दावे करण्याची रीत नव्हती, वैयक्तिक मोटार-विमाही क्वचित. मागून धडक बसलेल्या २०२ जणांची एक ते तीन वर्षांनंतरची स्थिती, धडक न बसलेल्या माणसांशी ताडून पाहिली, तेव्हा मानदुखी ३५ टक्के व ३३ टक्के, डोकेदुखी ५३ टक्के व ५० टक्के, म्हणजे जवळजवळ सारखीच निघाली. वृत्तपत्रांनी अर्थ लावला की जेथे भरपाई नाही तेथे दुखणेही नाही. पण याच आकड्यांत आणखी एक आकडा दडला आहे. धडकेनंतर लगेच मान दुखल्याचे या २०२ पैकी केवळ ३१ जणांनी सांगितले होते. दुखणे टिकते काय हा प्रश्न वस्तुतः या ३१ जणांपुरताच उरतो, आणि एवढ्या लहान संख्येवरून ‘असे दुखणे नसतेच’ हा सिद्धान्त उभारणे धाडसाचे आहे. उलट बाजूने पाहिले तर प्रत्येक तिसऱ्या माणसाची मान एरवीही दुखतेच, ही त्या पाहणीतील खरी महत्त्वाची गोष्ट होय. अपघातापूर्वीच्या व नंतरच्या वेदनेतील सीमा रोग्यासही ओळखता येईलच असे नाही.

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील प्रसंग अधिक बोलका आहे, कारण तेथे माणसे व रस्ते तेच राहून केवळ कायदा बदलला. १ जानेवारी १९९५ पासून तेथे दोष कोणाचा हे न पाहता उपचार व उत्पन्नाची भरपाई देण्याची पद्धत आली; वेदनेबद्दलची रक्कम मात्र बंद झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, बदलापूर्वीच्या सहामाहीत दर लाख लोकसंख्येमागे ४१७ असलेले मानेचे दावे नंतरच्या सहामाहीत ३०२ वर आले, आणि दावा मिटण्याचा मध्यम काळ दोनशेहून अधिक दिवसांनी घटला. या अभ्यासास प्रांताच्या सरकारी विमा संस्थेचे अर्थसाहाय्य होते. टीकाकारांनी त्यावर बोट ठेवले व दावा मिटणे म्हणजे मनुष्य बरा होणे नव्हे असा आक्षेप घेतला. आक्षेप रास्त आहे. तरीही हे आकडे निव्वळ ढोंग उघडे पडल्याचा पुरावा म्हणून वाचणे आम्हांस मान्य नाही. ज्यास आपण आजारी आहोत हे दोन वर्षे दर महिन्यास वकिलापुढे, डॉक्टरपुढे व विमा निरीक्षकापुढे सिद्ध करावयाचे आहे, त्यास बरे होणे परवडत नाही. त्यात लबाडी असावीच लागते असे नाही. लबाडी नव्हती असेही नाही. ब्रिटनमध्ये मुद्दाम ब्रेक दाबून मागच्या मोटारीस आदळावयास लावणाऱ्या टोळ्यांना शिक्षा झालेल्या आहेत.

येथे साधनांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपणांस उपलब्ध असलेली बहुतेक कागदपत्रे भांडणातून जन्मलेली आहेत. वादीचे निवेदन वकिलाने लिहिलेले, वैद्यकीय अहवाल कोणाच्या तरी खर्चाने मागविलेला, कंपनीच्या टिपणातील ‘संशयास्पद’ हा शेरा पैसे वाचविण्यासाठी मारलेला. ज्याची मान महिनाभर दुखली व ज्याने निमूटपणे काम चालू ठेवले, त्याची नोंद कोठेच नाही. ही उणीव भरून काढणे शक्य नसले तरी ती आहे याचे भान निष्कर्ष काढताना सुटू नये.

इंग्लंड व वेल्समध्ये अलीकडे या प्रश्नाचा निकाल वेगळ्याच साक्षीदाराकडे सोपविला गेला आहे. तो साक्षीदार म्हणजे दिनदर्शिका. १९९० नंतर तेथे निकालावर अवलंबून असणाऱ्या वकिली शुल्कास मुभा मिळाली, दावे आणून देणाऱ्यांस दलाली देण्याची चाल पडली, व २०१३ मध्ये ती दलाली बंद करण्यात आली. २०१५ पासून डॉक्टर कोणी निवडावा यात पक्षकारांचा हात राहू नये म्हणून नावे यादृच्छिक पद्धतीने सुचविणारी व्यवस्था आली. १८६८ चे २६ वे कलम वाचकांस आठवेल. २०१८ च्या कायद्याने वैद्यकीय अहवालावाचून तडजोड करण्यास मनाई केली, आणि ३१ मे २०२१ पासून मानेच्या अशा दुखापतीस ठराविक दर लागू झाला : तीन महिन्यांपर्यंतच्या वेदनेस २४० पौंड, अशा पायऱ्यांनी चढत दीड ते दोन वर्षांच्या वेदनेस ४,२१५ पौंड. (२०२५ मध्ये हे दर सुमारे १५ टक्क्यांनी वाढविले गेले.) वेदना किती तीव्र होती, तिने कोणाचे काय हिरावले, याचा विचार अपवाद म्हणूनच व्हावयाचा; किती दिवस टिकली एवढेच प्रामुख्याने पाहावयाचे.

वेदना दिवसांनी मोजण्याची कल्पना आपल्याकडे मात्र नवी नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३२० व्या कलमात, जी इजा मनुष्यास वीस दिवस तीव्र शारीरिक वेदना देते किंवा नित्याच्या व्यवहारास असमर्थ करते ती ‘जबर दुखापत’ गणली होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हे दिवस पंधरा झाले आहेत. हा फौजदारी मापदंड भरपाईच्याही कामी आला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १६४ व्या कलमानुसार, दोष सिद्ध न करता मिळणारी रक्कम मृत्यूस पाच लाख व जबर दुखापतीस अडीच लाख रुपये अशी आहे. त्या रेषेच्या अलीकडे पडणाऱ्या दुखापतीस हा मार्ग खुला नाही. तिने न्यायाधिकरणापुढे जाऊन दुसऱ्याचा दोष शाबीत करावयाचा.

इंग्लंडातील दरपत्रक लागू होताच एक अडचण उभी राहिली व ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. एकाच धडकेत मान व गुडघे दोन्ही दुखावले तर काय करावयाचे? मानेस दरपत्रक, गुडघ्यास जुना न्यायाधीशनिर्मित कायदा. परंतु रात्री झोप न येण्याचा त्रास दोहोंमुळे झालेला असतो, आणि झोपमोडीतील मानेचा वाटा किती व गुडघ्याचा किती हे ती सोसणाऱ्यासही सांगता येत नाही. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने ठरविले की दोन्ही रकमा आपापल्या रीतीने काढून बेरीज करावी, मग न्यायाधीशाने जरा मागे सरून एकंदरीकडे पाहावे, आणि एकाच त्रासाची भरपाई दोनदा झाली आहे असे वाटल्यास योग्य ती वजावट करावी. मात्र गुडघे एकटेच दुखावले असते तर जेवढी रक्कम मिळाली असती, त्याखाली एकूण आकडा जाता कामा नये.